गिअरचा दांडा

बळवंतआण्णांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या तोंडात कापूस होता आणि हातात लोखंडी दांडा. ते मला काय सांगत होते ते मला कळलं नाही. पुढं बारा वर्षं ओळख राहिली, पण त्या दिवशीचा गोंधळ पूर्ण निवळला असं काही म्हणता येणार नाही.

नव्वदनंतरचा कुठला तरी मे महिना. कोल्हापुरातल्या एका आईस्क्रीमच्या कारखान्यात मला नोकरी लागून चार दिवस झाले होते. पद होतं वितरण पर्यवेक्षक. म्हणजे काय करायचं हे मालकांनी सांगितलं नव्हतं आणि विचारलं तर नोकरी जाईल म्हणून मीही विचारलं नव्हतं. शर्टाच्या खिशाला पेन लावून मी शहरभर पर्यवेक्षण करत हिंडायचो. दुपारी दोनच्या रणरणत्या उन्हात शाहूपुरीत आमच्या कारखान्याची पांढरी गाडी उभी दिसली. इंजिन चालू. केबिनमध्ये चिटपाखरू नाही. दार ओढलं तर उघडलं. आत वाकून बघतो तर चावीच्या जागी चावी नाही. चावी नाही आणि गाडी चालू आहे, हे मी सायकलवाल्या घरात वाढलेल्या माणसानं कसं समजून घ्यायचं?

मी थोडा वेळ विचार केला, आणि तीच चूक झाली. डिझेल फुकट जळतंय, पर्यवेक्षकानं काहीतरी केलं पाहिजे, असं ठरवून मी समोर दिसलेलं एक काळं बटण ओढलं. गाडी आचका देऊन बंद पडली. मला फार बरं वाटलं. डायरी काढून मी वेळही टिपून ठेवली.

वीसेक मिनिटांत समोरच्या दातांच्या दवाखान्यातून पन्नाशीचा एक उंच, काळासावळा माणूस धावत बाहेर आला. गालात कापूस, हनुवटीवर रक्ताचा ओघळ, हातात दोन फुटी चकचकीत दांडा, दांड्याच्या टोकाला काळी गोल मूठ. तो दांडा माझ्यावर रोखून तो "ऊं ऊं ऊं" करत होता. मी ओळखपत्र काढून दाखवलं. त्यानं आणखी मोठ्यानं "ऊं" केलं. मग कापूस थुंकून तो म्हणाला, "कुणी बंद केली?"

"मी. वितरण पर्यवेक्षक."

"आत काय हाय म्हाईत हाय?"

"आईस्क्रीम."

"हुतं," तो म्हणाला.

आमच्या गाडीच्या पेटीतलं गार करणारं मशीन इंजिनाच्या पट्ट्यावर चालायचं. इंजिन बंद की मशीन बंद, आणि पेटीचं अस्तर इतकं जुनं की मेमध्ये अर्ध्या तासात आतल्या मालाला घाम फुटायचा. त्यात बॅटरीनंही त्या दिवशी मान टाकली. गाडी ढकलून चालू करेपर्यंत व्हॅनिलाची बासुंदी झाली होती. दाढ अर्धी उपटलेली असताना आण्णांना खुर्चीतच इंजिन थांबल्याचं कळलं होतं. पण डॉक्टरांचा चिमटा तोंडात होता. "दाढ माझी, चिमटा त्याचा. उठायचं कसं?" असं ते नंतर सांगायचे.

संध्याकाळी मालकांनी दोघांना बोलावलं. मी घरी काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होतो. आण्णा सुजलेला गाल धरून म्हणाले, "पट्टा तुटला." मालक माझ्याकडं वळले. मी गोंधळून "हो, दोन वेळा," असं म्हणून गेलो. बाहेर आल्यावर आण्णांनी मला बाजूला घेतलं. "सायेब," ते म्हणाले, "लबाडी दुसऱ्यानं केली की आपण निस्तं व्हय म्हणायचं. त्यात भर घालाय जायाचं न्हाय."

तेव्हापासून त्यांनी मला साहेब म्हणणं कधी सोडलं नाही, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला कधी ठरवता आलं नाही.

बळवंतआण्णा कांबळे कागलजवळच्या एका खेड्यातले. रोज पहाटे आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं क्षणभर उभे राहून ते कामावर निघायचे. दिवसभर इंजिनाच्या धगीत बसूनही त्यांच्या सदऱ्याला डाग नसायचा. मी दहा मिनिटं शेजारी बसलो तरी ग्रीस माझ्याच पँटला लागायचं. आईस्क्रीम ते स्वतः खात नसत. "दाताला सोसत न्हाय," म्हणायचे, "आन जी राखायची ती वस्तू खायाची कशाला?"

त्यांची सगळी बुद्धी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहायची. उन्हात गाडी चालू ठेवल्याशिवाय भागत नाही, आणि चालू गाडी सोडून गेलं तर ती कोणीही घेऊन जाईल. ड्रायव्हरला जेवायला, सही घ्यायला, झाडामागं जायला उतरावं तर लागतंच. त्या काळच्या गाडीचं एक बरं होतं. एकदा चालू झाली की चावी काढून खिशात टाकली तरी इंजिन फिरत राहायचं. बंद करायला वेगळं बटण होतं, ज्याची माझी ओळख झालेलीच आहे. पण चावी खिशात असून उपयोग काय? बसणारा बसला, गिअर टाकला, की गाडी गेली.

यावर आण्णांनी उद्यमनगरात जाऊन उपाय केला. उद्यमनगर म्हणजे आमच्या कोल्हापूरचं लेथ मशीनचं गाव. तिथं मनात आलेली कुठलीही वस्तू दुपारपर्यंत लोखंडात करून मिळते. आण्णांनी गिअरचा दांडा खालून चार बोटं ठेवून कापून घेतला, दोन्हीकडं आटे पाडून घेतले आणि वरचा तुकडा हौसेनं निकेल करून आणला. गाडी उभी केली की चार फेरे देऊन दांडा काढायचा आणि हातात घेऊन चालू लागायचं. मागं गाडी एकटीच घुरघुरत उभी. "घिऊन जावा म्हणावं," आण्णा म्हणायचे. "गेर कशानं टाकतोय, नाकानं?"

असा तो दांडा आठ वर्षं त्यांच्याबरोबर चहाच्या हॉटेलात, केस कापायच्या दुकानात आणि भाचीच्या शाळेत गेला. शाळेतल्या बाईंनी म्हणे त्या वर्षी तिला तोंडी परीक्षेत एकही अवघड प्रश्न विचारला नाही. इचलकरंजीत एकदा मागांची पाळी सुटायच्या वेळी कुठल्याशा कारखान्याच्या फाटकावर बाचाबाची चालली होती, आणि त्याच गल्लीतून आण्णा दांडा घेऊन निघाले. हवालदारानं धरलं. मी मध्यस्थीला पुढं झालो.

"हा दांडा कसला?" हवालदार.

"गाडीचा गिअर आहे," मी.

"गाडी कुठाय?"

"तिकडं चौकात. चालू आहे."

"डायवर कोण?"

"हे."

हवालदारानं एकेक बोट मोडत हिशेब केला. "गाडी चौकात चालू हाय, डायवर इथं हाय, गेर त्याच्या हातात हाय. मग तिकडं चालवतंय कोण?"

"कोणीच नाही. म्हणून तर गिअर इकडं आहे," मी म्हणालो. या उत्तरामुळं आम्हाला चौकीत एक तास बसावं लागलं. आण्णा मला म्हणाले, "सायेब, तुमी समजावून सांगाय लागला की मलाबी कळायचं बंद हुतंय."

भाचीचं नाव सुजाता. आण्णांची बहीण सोनाक्का लवकर विधवा झाली, आणि सुजाता आण्णांच्या अंगाखांद्यावर वाढली. सात वर्षांची असताना ती गाडीजवळ येऊन रडली होती, सगळं आईस्क्रीम दुसऱ्यांच्या लग्नाला का नेतोस म्हणून. आण्णांनी तिला शब्द दिला, "तुझ्या लग्नात आख्खी गाडी आणतो. सगळ्या गावाला. दगडागत घट्ट." हे त्यांनी मला किमान चाळीस वेळा सांगितलं असेल, आणि दर वेळी 'दगडागत' म्हणताना टपावर मूठ आपटून.

ते लग्न ठरलं ते नेमकं मेमध्ये, गाडीला श्वास घ्यायला फुरसत नसताना. मालकांनी एवढंच केलं की त्या दिवशी आण्णांना दोनच फेऱ्या दिल्या. दुपारी साडेबाराला गारगोटीजवळच्या एका बड्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न, आणि तिथून थेट आण्णांच्या गावी, पाच वाजता सुजाताचं. रजा घे, दुसरा ड्रायव्हर पाठवतो, असंही मालक म्हणाले होते. आण्णांनी मान हलवली. ते आईस्क्रीम दुसऱ्याच्या हातानं गेलं असतं तर शब्द कसा पुरा होणार? मला त्यांनी बरोबर घेतलं. का घेतलं हे कोडं मला आजही आहे.

गारगोटीचं लग्न दांडगं होतं. मांडवात दीड-दोन हजार माणूस. गाडी चिंचेखाली चालू ठेवून आम्ही त्यांचा माल उतरवून दिला. सुजाताचा माल आत गार होत राहिला. यजमानांनी आण्णांना जेवल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलं. हात धुवायला जाताना आण्णांनी क्षणभर विचार केला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच दांडा माझ्या हातात दिला. "एवढा धरा जरा. जेवून आलोच."

मला अगदी भरून आलं. मी दांडा छातीशी धरून उभा राहिलो.

इथं एक सांगितलं पाहिजे. आमच्याकडच्या लग्नात अक्षता पडल्या तरी सत्कार संपत नाहीत. माइकवर एक माणूस असतो, तो पाहुण्यांतले साहेब हुडकून काढतो आणि एकेकाला बोलावून फेटा आणि नारळ देतो. त्या दिवशी त्याला साखर कारखान्याचे शेती अधिकारी हवे होते. ते आलेच नव्हते. त्याची नजर खिशाला पेन लावलेल्या माझ्यावर पडली. "शेती अधिकारी साहेब हितंच उभं हायत, त्यांनी स्टेजवर यावं."

नाही म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. पण मला जन्मात कोणी फेटा बांधलेला नव्हता. मी गेलो. फेटा बांधताना मान सरळ ठेवावी लागते, आणि नारळ घ्यायला दोन्ही हात लागतात. मी दांडा शेजारच्या माणसाच्या हातात दिला. त्यानं तो मागच्याला दिला. मागच्यानं तो निकेलचा लखलखाट बघून नवरीच्या भांड्यांत, कळशीशेजारी ठेवला. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी उसाच्या लागवडीबद्दल दोन शब्द बोलत होतो.

खाली उतरलो तेव्हा आण्णा चिंचेखाली उभे होते. त्यांनी फेट्याकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"दांडा?"

मी स्टेजकडं बोट केलं. स्टेज मोकळं होतं. नवरीचं सामान घेऊन टेम्पो आजऱ्याच्या बाजूला निघून गेला होता. मोबाईल नव्हते. यजमानांनी माणूस मागं पाठवला, पण तो मोटारसायकलवरून संध्याकाळपर्यंत परत येतो म्हणाला. तीन वाजले होते. गाडी घुरघुरत होती. बंद केली तर आईस्क्रीम जाणार, चालू ठेवली तर नुसतं डिझेल जाणार, आणि जागेवरून हलायचं तर गिअर कुठंतरी आजऱ्याच्या वाटेवर.

  "आमच्यात मुहूर्त नसतोय," आण्णा स्वतःशीच म्हणाले. "मामा आला न्हाय तर लगीन थांबंल. ह्ये थांबायचं न्हाय." आणि त्यांनी पेटीवर हात ठेवला.

गर्दी जमली. प्रत्येकानं केबिनमध्ये डोकावून चार बोटांचा तो खुंट बघितला आणि हळहळला. त्यात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा एक पाहुणा होता, डोक्याला फेटा, तोंडात पान. त्यानं डोकावलं आणि म्हणाला, "मग ह्यात आडलंय काय? पाईप पाना लावा की."

त्यानं आपल्या मोटारसायकलच्या पिशवीतून नळ पकडायचा मोठा पाना काढला, खुंटावर आवळला आणि पहिला गिअर टाकून दाखवला. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं.

लोक हसले. मीही सुटलो म्हणून हसलो. मग माझं लक्ष आण्णांकडं गेलं. ते त्या पान्याकडं बघत होते. आठ वर्षं ज्या गाडीकडं पाठ करून ते निवांत जेवले होते, ती गाडी कोणीही अर्ध्या मिनिटात नेऊ शकला असता.

पाना उसना घेऊन आम्ही मुरगूडच्या रस्त्याला लागलो. पाना तिसऱ्या गिअरला सुटायचा, म्हणून तो दोन्ही हातांनी दाबून धरायचं काम माझ्याकडं होतं. फेटा डोळ्यावर येत होता. आण्णा म्हणाले, "चोराला म्हाईत न्हवतं. मलाबी न्हवतं. दोघांचंबी भागलं हुतं." मग थोड्या वेळानं, "आता मला म्हाईत झालंय."

सव्वापाचला आम्ही पोचलो. समाजमंदिरापुढं सगळा गाव उभा होता. लग्न खरंच थांबलं होतं. सोनाक्का धावत आली, "दादा, चल की रं, पोरगी तुझ्यासाठी थांबलीया." पोरांनी पेटी उघडली. आईस्क्रीम दगडासारखं होतं. कप खाली जायला लागले तशी गावात एकच गडबड उडाली.

आण्णा केबिनमधून उतरले नाहीत.

"तू हो म्होरं," ते बहिणीला म्हणाले. "गाडी चालू हाय. मला सोडून येता येणार न्हाय."

सोनाक्काला काही उमगलं नाही. आठ वर्षं हा माणूस गाडी चालू ठेवून जग हिंडत होता. मी म्हणालो, "आण्णा, तुम्ही जा, मी बसतो राखण."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फेट्यापासून खालपर्यंत. "तुमी," ते म्हणाले, आणि त्यांनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं.

आत त्रिशरण-पंचशील सुरू झालं. कर्ण्यातून आवाज बाहेर येत होता. आण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून, ताठ बसून, ओठांनी म्हणत होते. केबिनमध्ये भट्टीसारखी धग होती. त्यांच्या सदऱ्यावर मी पहिल्यांदा घामाचे डाग पाहिले. मी गाडीच्या बाहेर उभा होतो, कारण आत बसायची माझी हिंमत नव्हती आणि लांब जायचीही नव्हती. आत फुलं पडली. टाळ्या झाल्या.

थोड्या वेळानं पांढऱ्या साडीतली सुजाता नवऱ्याला घेऊन थेट गाडीशी आली.

"मामा, उतर."

"इंजन चालू हाय, बाळ."

"मग बंद कर की."

"बंद कसं करू? आत माल हाय."

सुजातानं मागं जाऊन पेटीचं दार उघडलं आणि परत आली. "कसला माल? सगळं वाटून कवाच झालंया."

आण्णा माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. पेटी रिकामी होती. पाऊण तास आम्ही दोघं तिच्यातली नुसती हवा गार करत, तिची राखण करत होतो. दोघांच्याही डोक्यात आलं नाही. माझं सोडा, मी पर्यवेक्षक होतो. पण आण्णांच्याही नाही.

त्यांनी हळूच ते काळं बटण ओढलं. इंजिन थांबलं. गाव इतकं शांत होतं हे आम्हाला तेव्हा कळलं. आण्णा उतरले. गाडी बंद असताना मोकळ्या हातांनी उभं राहिलेले आण्णा मी कधी पाहिले नव्हते. हात कुठं ठेवावेत हे त्यांना समजेना. शेवटी सुजातानंच ते धरले.

दांडा पंधरा दिवसांनी परत आला. नवरदेवाच्या घरी तो शोकेसमध्ये ठेवला होता म्हणे. काय वस्तू आहे ते कोणाला ओळखता आलं नाही, पण शेती अधिकारी साहेबांनी दिलीय म्हटल्यावर टाकायची कशी? आण्णांनी तो खुंटावर घट्ट बसवला आणि पुन्हा कधी काढला नाही. तेव्हापासून ते केबिनमध्येच जेवायचे. चहा आत मागवायचे. मी कितीदा मनाशी ठरवलं की माफी मागायची. पण काय म्हणून? मी दांडा घालवला म्हणून, की तो नुसताच दांडा होता हे त्यांना कळलं म्हणून? पुढं स्वतंत्र मशीनच्या नव्या गाड्या आल्या आणि आण्णा घरी बसले. मीही कारखाना सोडला.

नंतरची भेट आठेक वर्षांनी, पुन्हा मेमध्येच. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लागलो होतो आणि एसीची एक जुनी गाडी घेतली होती. कागल स्टँडवर आण्णा कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत उभे. वाळलेले, पण सदरा तसाच पांढरा. सुजाताकडं निघाले होते, ती आता कोल्हापुरात शिक्षिका होती. मी त्यांना बसवून घेतलं. वाटेत एका औषधाच्या दुकानाशी थांबलो. म्हातारा माणूस उन्हात शिजेल म्हणून गाडी आणि एसी चालूच ठेवून उतरलो.

पाच मिनिटांत परत येतो तर आण्णा बाहेर. भर उन्हात दाराला टेकून उभे. गाडी चालू, आतली गार हवा काचेआड एकटीच. त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. माझ्या गिअरची मूठ.

"आण्णा, आत बसायचं की."

"चावी तशीच. इंजन तसंच. तुमी सुदरला न्हाय सायेब."

"पण तुम्ही आत होता ना?"

"मी आत बसलो तर राखण कोण करणार?"

 आम्ही निघालो. मुठीच्या जागी आट्यांचा उघडा खिळा होता, तो प्रत्येक गिअरला तळव्यात रुतत होता. मी एकदा हळूच म्हणालो, "आण्णा, ती मूठ."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चालवा की. पान्यानंबी चालती."

सुजाताच्या गल्लीच्या तोंडाशी ते उतरले. दार लावलं, वाकून म्हणाले, "जपून जावा. कुणी फेटा बांधतो म्हटलं तर थांबू नका." आणि चालू लागले. पाठ ताठ, पावलं सावकाश, उजव्या हातात माझ्या गाडीची काळी मूठ. हाक मारावी म्हणून मी काच खाली केली. त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं, की चांगलंच लक्षात होतं? मला ठरवता येईना. ते वळणावर दिसेनासे झाले तेव्हाही माझी गाडी चालूच होती, आणि मी ती राखत बसलो होतो.